मुशीचं तेल

पहिली फेरी मारून भाग्यश्री गाडीतून उतरली ती हसतच उतरली. इतक्या दिवसांत गाडी अशी कधी वळलीच नव्हती. पण उतरल्या उतरल्या सवयीने ती पुढच्या डाव्या चाकाशी वाकली आणि तिथेच तिचं हसू जिरलं.

चाकावर खडूची रेघ होती, सकाळी तिनेच ओढलेली. टायरच्या बगलेवरून निघून लोखंडी रिमपर्यंत गेलेली एक सरळ रेघ. आता तिचे दोन तुकडे झाले होते. टायरवरचा तुकडा एकीकडे, रिमवरचा दुसरीकडे, आणि मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर. म्हणजे ब्रेक लागला तेव्हा रिम थांबली होती आणि टायर तिच्यावरून तसाच पुढे सरकला होता. टायर रिमला धरून बसलाच नव्हता, नुसता टेकून होता. तिने घाईघाईने बाकीची तीन चाकं पाहिली. तिन्हींवरच्या रेघा सकाळी होत्या तशाच होत्या.

"काय गो, कसं बसलंय माझं चाक?" मागून तिच्या बापाचा, भगवंत तांडेलाचा आवाज आला.

भाग्यश्रीच्या हातात गाडी पुसायचं ओलं फडकं होतं. ते तिने रेघेवरून फिरवलं, दोन्ही तुकडे साफ पुसले आणि मग उठून म्हणाली, "एक नंबर बसलंय, बा. हललंसुद्धा नाय."

बा खूश झाला. "आणि मागचं उजवं बघितलंस? वळताना कसं वर उचलतं! कुत्रा खांबाशी उभा राहतो ना, अगदी तसं!" असं म्हणून तो स्वतःच खदखदून हसला, आणि शेजारी उभ्या पुतण्याच्या, कमलेशच्या, पाठीवर त्याने थाप मारली. हे चाक बसवेपर्यंत तीन वर्षं त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

आता ती खोटं का बोलली, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

भगवंत तांडेल म्हणजे मुरब्याच्या बंदरावर मानाचं नाव. बोट त्याची स्वतःची, आणि तिचं सुकाणू धरणारा तांडेलही तोच. फळ्यांचे सांधे तो दुसऱ्या कोणाला भरू द्यायचा नाही. स्वतः कापूस ठासायचा, वरून मुशीच्या तेलाचा हात फिरवायचा. मुशी म्हणजे तो मोठा मासा, दातवाला. त्याच्या काळजाचं तेल काढून लाकडाला लावायची रीत जुनी. वास असा की नव्या माणसाला भोवळ यावी, पण ते तेल कधी वाळत नाही, लाकूड सुकू देत नाही, म्हणून बोट टिकते. आणि त्याच्या बोटीवर एक कायदा होता. बोटीत पाणी दिसलं की ज्याला दिसलं त्याने मोठ्याने "पाणी!" म्हणून ओरडायचं. खलाशी असो, स्वयंपाकाला घेतलेला असो, की सुट्टीत हट्टाने बोटीवर आलेली भाग्यश्री असो. चार थेंब असले तरी ओरडायचं. लहानपणी ती एकदा आपल्याच तांब्यातलं सांडलेलं पाणी बघून ओरडली होती, तर बाने तिला रागावणं सोडाच, सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती.

आणि अशा माणसाची बोट तीन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी बुडाली. सांधा उघडला, कळेपर्यंत उशीर झाला. शेजारच्या बोटींनी माणसं काढली, सगळी सुखरूप, पण बोट गेली. त्या दिवसापासून बा ओट्यावर बसला तो बसलाच. जाळ्याची सुई हातात घेईना, बंदराकडे फिरकेना. गाव म्हणालं, स्वतःच भरलेला सांधा उघडला, म्हाताऱ्याचा हातावरचा विश्वास उडाला. भाग्यश्रीलाही तेच वाटत होतं. आई, साखरबाई, मासळीची पाटी घेऊन पालघरला जाताना रोज त्याच्याकडे एकदा बघायची आणि रिक्षात बसायची.

अशात भाग्यश्रीच्या टायरचं लफडं घरात आलं.

ती तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. तिथल्याच प्रियंकाने तिला ह्या ऑटोक्रॉसचं वेड लावलं. मोकळ्या आवारात रबरी कोन मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेकट्याने गाडी पळवायची, घड्याळाशी शर्यत. शेजारी दुसरी गाडी नाही, त्यामुळे टक्कर नाही, धोका नाही, असं नियमात लिहिलेलं. नियम लिहिणाऱ्याने कुंभवलीच्या अंगाचं हे बंद कारखान्याचं आवार पाहिलं नसावं. शेवटच्या उजव्या वळणाला पलीकडे उघडं सिमेंटचं गटार आहे आणि त्याच्यामागे दगडी कुंपण. तिथे गाडी हातची सुटली तर धोका नाही म्हणणाऱ्याला आधी त्यातून बाहेर काढावा लागेल.

भाग्यश्रीची जुनी छोटी गाडी ज्या गटात होती त्या गटाचा नियम सोपा होता: रिम गाडीसोबत आली तीच हवी, टायर कुठलाही चालेल. मग काय, जो तो त्याच अरुंद रिमवर मावेल तेवढा रुंद टायर कोंबणार. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर, वळणावर जास्त पकड. पण अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे धाकट्या भावाचा सदरा थोरल्याने चढवण्यातला प्रकार. कडा जागेवर जाता जात नाहीत, बगला फुगतात. हवा चांगली ठासून भरावी लागते.

बेटेगावच्या टायरवाल्याने साबणाचं पाणी लावून तीन चाकं बसवली. चौथ्याशी झटला, घामाघूम झाला आणि हात झटकून म्हणाला, "मॅडम, ये नहीं बैठेगा. इस रिम को जंग लगा है. घर ले जाओ." मुरब्याची खारी हवा, रिमला गंज चढायचाच. भाग्यश्रीने ते चाक शिव्या देत घरी आणलं आणि ओट्याशी टाकलं.

बा त्या चाकाकडे सकाळभर बघत बसला. दुपारी उठला. काचकागद घेऊन गंज घासला, रिम चकचकीत केली, आणि मग माळ्यावरून तो डबा काढला. तीन वर्षं ज्याला त्याने हात लावला नव्हता तो मुशीच्या तेलाचा डबा. टायरच्या कडेला त्याने तेल चोपडलं, चाक सायकलवर घालून पंक्चरवाल्याकडे नेलं, हवेचं यंत्र लावलं, आणि फट्! कड जागेवर. फट्! दुसरीही. त्या आवाजाला बा जो हसला, तो घरी येईपर्यंत हसत होता. साखरबाईने पदराने डोळे पुसले आणि त्याला भाताबरोबर दुप्पट मासळी वाढली.

तेल ते तेल, असं भाग्यश्रीलाही तेव्हा वाटलं. साबण काय आणि तेल काय, घसरून बसल्याशी मतलब. बोटीवर वाढलेली पोर, मुशीच्या तेलाने कुणाचं वाईट होईल हे तिच्या डोक्यात येणारच कुठून!

राहिला कमलेश. हा बाचा पुतण्या, आधी त्याच्याच बोटीवर खलाशी. आता सासऱ्याची बोट त्याच्याकडे आली होती, पण त्याचा तांडेल भांडून सोडून गेला. रोज संध्याकाळी येऊन तो काकाला गळ घालायचा, "काका, सुकाणू तुमी धरा." आणि काका मान फिरवायचा. पण चाक बसलं त्या संध्याकाळी बा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरीच्या शर्यतीत माझ्या हातचं हे चाक टिकलं, तर येतो तुझ्या बोटीवर. नाय टिकलं, तर पुन्ना माझ्या दारात ह्या कामाला यायचं नाय." बोलला ते देवाच्या पायरीवर हात ठेवल्यासारखं. कमलेश म्हणूनच आज सुट्टी काढून इथे आला होता.

आता कळलं ना, फडकं का फिरलं ते?

फेऱ्या तीन, त्यातली ज्याची जी चांगली ती धरायची. पहिल्या फेरीनंतर भाग्यश्री दुसरी होती. पहिला होता इंद्रजीत, अणुऊर्जा वसाहतीत राहणारा साताऱ्याचा इंजिनिअर, माणूस बरा, पण जिंकण्याची सवय लागलेला. पहिल्याला पुढच्या महिन्यात नाशिकच्या मोठ्या स्पर्धेत क्लबकडून जायला मिळणार होतं. ते तिला हवं होतं, नाही कसं! पण त्या घडीला नाशिक तिच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. डोक्यात एकच चाक फिरत होतं.

साबण वाळतो. वाळला की रबर रिमला घट्ट धरतं. आणि मुशीचं तेल वाळत नाही, हीच तर त्याची ख्याती! मनातल्या मनात तिने स्वतःला फाडफाड बोलून घेतलं. प्रयोगशाळेत बसतेस आणि एवढं कळलं नाही?

हवा वाढवू, तिने ठरवलं. हवेच्या जोराने कड रिमला दाबून राहील. हळू चालवू. उरलेल्या दोन फेऱ्या निभावल्या की झालं, घरी जाऊन गुपचूप चाक बदलू आणि बाला कळणारही नाही. तिने बाची नजर चुकवून त्या चाकात हवा मारली. बाचं लक्ष कोनांकडे होतं. कमलेशला तो हातवारे करून सांगत होता की गाडीचं कलणं आणि बोटीचं कलणं एकच.

दुसऱ्या फेरीला प्रियंकाने झेंडा पाडला आणि भाग्यश्री सुटली. सरळ पट्टा ठीक. पहिलं उजवं वळण, तेही ठीक. मग नागमोडी कोन, डावं, उजवं, डावं. हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. सुकाणू, म्हणजे स्टिअरिंग, वळवल्यावर गाडी क्षणभर ऐकत नव्हती, मग एकदम ऐकत होती. शेवटचं वळण आलं. समोर गटार, मागे कुंपण. तिने ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे घातली, आणि डाव्या बाजूने आवाज आला, ओल्या फरशीवर चप्पल घसरते तसा. गाडी वळायचं सोडून गटाराकडे निघाली.

"आई गं!" ती ओरडली आणि तिने पाय काढला. स्टिअरिंग सैल सोडलं, गाडीला थोडं सरळ जाऊ दिलं, मग हळूच पुन्हा वळवलं. गटाराच्या काठाची खडी चाकाखाली चरचरली. गाडी वळली, पण रांगत वळली, आणि रांगतच रेघ ओलांडून थांबली.

प्रियंकाने वेळ सांगितली. कुठल्या कुठे मागे.

बा जवळ आला. "काय झालं गो? मध्येच सोडलीस ती?"

"घाबरले मी," ती म्हणाली. "गटार बघून घाबरले."

बा तिच्याकडे बघत राहिला. "तू? घाबरलीस?"

"होय, घाबरले! माणूस घाबरत नाय का कधी?"

बा वाकला आणि एकेका चाकाशी गेला. मागच्या डाव्याची रेघ बघितली. मागच्या उजव्याची बघितली. पुढच्या उजव्याची बघितली. मग पुढच्या डाव्याशी आला, आपल्या चाकाशी, आणि तिथे बसला.

"हिच्यावरची रेघ कुठाय?"

"पुसली गेली असेल."

"तिघांवर हाय. माझ्याच चाकावरची तेवढी कशी पुसली गेली?"

बाने बोट घातलं, रिम आणि टायर भेटतात तिथे, आणि फिरवलं. बोट बाहेर आलं ते काळंभोर, चकाकतं. त्याने ते नाकाशी नेलं. मुशीचं तेल, त्यात खरवडलेलं रबर. त्याला काही विचारायची गरज उरली नाही.

"पहिल्याच फेरीला बघितलंस तू," तो म्हणाला.

"बा..."

"बघितलंस का नाय?"

"बघितलं."

"आणि पुसलंस."

"तुमी किती दिवसांनी हसलात!" ती रडवेली होऊन म्हणाली. "कसं सांगू? तुमी कमलेशला शब्द दिलात. हे चाक सुटलं असं मी कुठल्या तोंडाने सांगू तुमाला?"

"ज्या तोंडानं तांब्यातलं पाणी बघून ओरडली होतीस त्याच तोंडानं!" बा गरजला. आवारातली सगळी माणसं वळून बघू लागली. इंद्रजीत हातातली बाटली तशीच धरून उभा राहिला. "गटारात गेली असतीस तर? माझं मन राखायला?" त्याचा आवाज फाटला. "लोकांना वाटतं, सांधा उघडला म्हणून मी ओट्यावर बसलो. सांधे काय, उघडतात! लाकूड हाय ते. मी पण चुकतो. पण त्या दिवशी बोटीवर एकानं पाणी बघितलं होतं. वेळेवर बघितलं होतं. ओरडला असता तर बोट आज बंदरात असती. का नाय ओरडला ठाऊक हाय? तांडेलानं स्वतः भरलेला सांधा, आता तांडेलाला कसं सांगायचं! माझा मान राखला त्यानं. मान!" तो थुंकला. "ज्या बोटीवर लोक मला खरं सांगत नाय, तिथं मी काय म्हणून सुकाणू धरू? आणि आता माझ्या घरात पण तेच."

तीन वर्षं भाग्यश्रीने बाच्या दुःखाचा अर्थ एक लावला होता आणि निघाला भलताच. तिला इतकी लाज वाटली की गटारात गेले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. कमलेश मान खाली घालून चपलेने सिमेंट खरवडत होता.

"मग काका... परवा बोट काढायची, त्याचं..." तो पुटपुटला.

"चाक सुटलं. बोललो ते बोललो," बा म्हणाला आणि पाठ फिरवून कुंपणाच्या सावलीत जाऊन बसला. पुन्हा तसाच, ओट्यावर बसायचा तसा.

भाग्यश्रीला तो बसण्याचा प्रकार बघवला नाही. वेळ थोडा होता. तिसरी फेरी सोडून द्यावी, गाडी घ्यावी आणि घरी जावं, असंही मनात आलं. पण हे असं इथे टाकून घरी गेलं तर हे आयुष्यभर असंच राहील, हेही तिला दिसत होतं. ती बापाकडे गेली नाही. तिने डिकी उघडली आणि जादा चाक काढलं. जुना, गाडीबरोबर आलेला अरुंद टायर. रिम तीच, म्हणजे नियमात बसणारं.

"एक अरुंद, तीन रुंद?" इंद्रजीत जवळ येऊन म्हणाला. "पुढे लावलंस तर गाडी वळणारच नाही गं."

"पुढे नाय लावणार," ती म्हणाली, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, कुंपणापर्यंत जाईल असं. "मागचं उजवं काढून पुढे डावीकडे घालते. आणि हे अरुंद मागे उजवीकडे. मोठी वळणं सगळी उजवी. उजव्या वळणाला ते चाक कुत्र्याच्या पायासारखं हवेतच असतं. हवेतल्या चाकाला पकड कशाला हवी?"

इंद्रजीत हसला, पण धावत जाऊन त्याने आपला जॅक आणला. "नागमोडीला मात्र सांभाळ. डावीकडे वळशील तेव्हा ते चाक खाली टेकणार आणि मागची गाडी फेकली जाणार."

"ठाऊक हाय."

दोन जॅक लावून चाकं फिरवली. कमलेशने नट आवळले, दोनदा आवळले. आवळून झाल्यावर भाग्यश्रीने खडू काढला, तेवढ्यात एक हात पुढे आला आणि त्याने तो खडू घेतला. बा होता. त्याने चारही चाकांवर रेघा ओढल्या, जाड, ठसठशीत, पुसता पुसल्या जाणार नाहीत अशा. मग खडू तिच्या हातावर ठेवला आणि पुन्हा सावलीत गेला. ती सुरुवातीच्या रेघेवर आली तेव्हा आवारात शेवटची गाडी तिचीच होती.

झेंडा पडला.

या फेरीत ती भ्यायली नाही, असं मी म्हणणार नाही. पण पुढचं डावं चाक आता हाताला खरं बोलत होतं. वळवलं की वळत होतं. पहिलं उजवं वळण तिने असं कापलं की मागचं उजवं चाक सरळ वर उचललं गेलं आणि बघणाऱ्यांतून आरोळी उठली. मग नागमोडी. डावं. मागची गाडी सरकली, तिने सावरली. उजवं. पुन्हा डावं, आणि अरुंद चाकाने पाय सोडला. मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि कुठेतरी हलकासा धक्का बसला, धप्. आरशात तिला कोन डोलताना दिसला, डोलला, आणि उभाच राहिला. पुढे शेवटचं वळण होतं, विचार करायला वेळ नव्हता. ब्रेक. उजवीकडे. गटार डावीकडून सरकत गेलं. टायर किंचाळले, पण धरून राहिले, आणि गाडी वळणातून सुटली ती थेट रेघेवर.

प्रियंकाने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "पहिली! इंद्रजीतच्या पुढे! अगदी थोडक्यात, पण पुढे!"

टाळ्या, शिट्ट्या. इंद्रजीतने कपाळावर हात मारला आणि हसत हसत पुढे आला. कमलेश तर नाचायचाच बाकी होता. आणि बा उठून उभा राहिला होता. तो घड्याळाकडे गेला नाही, प्रियंकाकडे गेला नाही, सरळ येऊन चाकांशी बसला. चारही रेघा बघून झाल्या. एकही मोडली नव्हती. त्याने वर मान करून लेकीकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू फुटायच्या बेतात होतं, अगदी ओठांशी आलेलं. कमलेश ते बघून आशेने पुढे सरकला. आता विचारलं तर म्हातारा हो म्हणेल, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

भाग्यश्रीला मात्र तो कोन दिसत होता.

ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. कोन पडला नव्हता, पण त्याच्याभोवती आखलेल्या खडूच्या चौकटीतून बाहेर सरकला होता, हे तिला धक्क्यावरूनच कळलं होतं. चौकटीबाहेर गेलेल्या कोनाचे दोन सेकंद वाढतात. वाढले की ती इंद्रजीतच्या मागे. त्या कोनाशी उभा असलेला माणूस उन्हापासून डोळे झाकत शेवटच्या वळणाकडेच बघत राहिला होता, सगळ्यांसारखाच. कोणी बघितलं नव्हतं. गप्प बसलं तर नाशिक मिळेल, आणि नाशिक गेलं चुलीत, पण बाचं ते ओठांशी आलेलं हसू! ते फुटू दे ना एकदा. मग सांगू. घरी गेल्यावर सांगू. कमलेशला हो म्हणू दे, मग सांगू.

मग तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा फडकंच शोधतोय.

तिने दार उघडलं, गाडीबाहेर उभी राहिली आणि छातीत होता तेवढा सगळा वारा लावून ओरडली, "पाणी!"

प्रियंकाला वाटलं हिला तहान लागली, ती बाटली घेऊन धावली. भाग्यश्रीने तिचा हात धरला. "नागमोडीचा शेवटचा कोन बघ. माझ्या मागच्या चाकाने ढकललाय. चौकटीत नाय तो."

प्रियंका गेली, बघून आली. तिचं तोंड उतरलं होतं. "बाहेर आहे गं. चांगला वीतभर. कोणालाच कळलं नसतं, भाग्यश्री."

"मला कळलं होतं."

दोन सेकंद वाढले. इंद्रजीत पहिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. इंद्रजीतने तिच्याशी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही.

बा अजून चाकाशीच बसला होता. तिला वाटलं तो हसेल, शाबासकी देईल, लहानपणी दिली होती तशी. तो हसला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठला, डोळे भरून आले होते ते तसेच राहू दिले, आणि कमलेशकडे वळला.

"परवा कधी निघतोस?"

कमलेशचा चेहरा उजळला आणि लगेच कसनुसा झाला. हाताची घडी सोडली, पुन्हा घातली. "काका," तो म्हणाला. "काका, त्या दिवशी बोटीवर... पाणी ज्यानं बघितलं..."

"ठाऊक हाय," बा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

कमलेश रडू लागला. चांगला दाढीमिशीवाला गडी, चारचौघांत हुंदके देऊन. बाने त्याला रडू दिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ओरडशील? माझ्या हातचा सांधा असला तरी?"

"ओरडेन."

"मग कधी निघायचं ते बोल."

"पहाटे. भरती लागली की."

बाने मान हलवली. मग बाजूला पडलेलं ते तेलकट चाक उचललं, डिकीत नेऊन ठेवलं, आणि हात पँटला पुसत भाग्यश्रीला म्हणाला, "घरी गेलो की हे साबणानं स्वच्छ धुऊन घे. आणि तो डबा माळ्यावर नको ठेवूस, बाहेरच राहू दे. बोटीला लागंल."